उष्टी हळद, उभी फणी

नातीच्या हळदीची गोष्ट आमच्या घरात तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्ही खोट्या आहेत. म्हणून मी लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. पण त्या दिवशी मी जागेवर होते आणि माझं नाक शाबूत होतं, तेवढं पुरे.

सुरुवात साखरपुड्याच्या जेवणात झाली. पानावर भात पडला होता, तूप यायचं होतं. आमच्या ह्यांनी समोर बसलेल्या नवऱ्या मुलाच्या आईला सांगून टाकलं, "विहीणबाई, आमच्याकडे हळदीला डीजे-बीजे काही नाही हां. मी स्वतःच्या हाताने अ‍ॅम्प्लिफायर बनवतोय. त्याच्यावर गाणी वाजणार. उद्घाटन तुमच्या हातून."

विहीणबाई कॉटन ग्रीनच्या. अघळपघळ, हसऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "अय्या, माझ्या हातून? मग मी रिकाम्या हाताने कशी येणार!"

त्या वेळेला हा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आमच्या खाटेखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलेलं सुटं सामान होतं.

हे गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी लालबाग-परळच्या अर्ध्या खोल्यांमध्ये वायरिंग केलं. आता मोतीबिंदू काढला, डोळे नवे झाले आणि हात रिकामे. रिकाम्या हाताच्या म्हाताऱ्यासोबत एका खोलीत राहून बघा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला मी का अडवलं नाही ते कळेल.

अडवायला दुसरे होते. माझे धाकटे दीर आमच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या ओळखीचा एक डीजेवाला आहे. भावोजी रोज चहाला येणार, डब्यात डोकावणार आणि मालवणीत विचारणार, "वैनी, ह्यो डबो वाजतलो की फुटतलो?"

हे म्हणायचे, "तुझं तोंड फुटेल आधी."

शेवटी नातीने मध्ये पडून करार केला. ती ऑफिसात माणसांच्या तक्रारी मिटवते, तिला सवय आहे. "आजोबा, हळदीच्या आधीच्या रविवारी दोन तास न थांबता वाजवून दाखवायचा. वाजला तर तुमचा. नाही वाजला तर काकाआजोबांचा डीजे. माझी हळद आहे, मला नाचायचंय."

"आणि नाही वाजला," हे म्हणाले, "तर मी हळदीला खोलीबाहेर येणार नाही."

हा माणूस बोलला की तसं करतो. एकदा मुलाने नवा मिक्सर न विचारता आणला म्हणून गणपती ते दिवाळी त्याच्याशी बोलले नव्हते. मला गाण्यांचं काही पडलेलं नव्हतं. पण हळद एका संध्याकाळची, रुसलेला म्हातारा रोजचा, आणि आमची खोली एकच. तेव्हा तो डबा वाजणं माझ्याही गरजेचं झालं.

सगळं अडलं होतं हीटसिंकवर. म्हणजे काय ते मी पोळ्या लाटत असताना ह्यांनी मला समजावलं. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लोखंडी टोप्यांसारखे दिसणारे ट्रान्झिस्टर असतात. गाणं मोठं झालं की ते तापतात. ती उष्णता कुणीतरी ओढून घेऊन हवेत सोडली नाही तर जळतात. ओढून घेण्याचं काम अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा करतो. त्याला एका बाजूने सपाट पाठ आणि दुसऱ्या बाजूने फणीसारखे दात. तो हीटसिंक.

"म्हणजे पापड भाजून झाल्यावर चिमटा जसा तापतो," मी म्हटलं.

"तसाच. पण चिमट्याने उष्णता धरून ठेवायची नाही, टाकून द्यायची."

तो आणायला आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. मी गेले, कारण हे एकटे गेले की पहिल्या दुकानात जे असेल ते घेऊन येतात आणि घरी येऊन त्याचे गुण शोधतात. दुकान म्हणजे जिन्याखालची बोळ. त्यात हीटसिंक मुळ्यांसारखे एकावर एक रचलेले. काळे, पांढरे, लांब, आखूड. दुकानदार स्टुलावर बसून सगळ्यांशी एकदम बोलत होता.

मी एकेक उचलून हातात तोलला. एक सापडला, चांगला जड, दात एकमेकांना चिकटून, मोजायला गेलं तर डोळे फिरतील इतके. मी म्हटलं, "हा घ्या. ह्यात माल आहे."

दुकानदार म्हणाला, "मावशी, ये नहीं. हा पंख्याबरोबर चालतो. फटी बघा किती बारीक. पंखा नसेल तर हवा आतच अडकणार."

"हवा जात नाही म्हणजे धूळही जाणार नाही. बरंच आहे की."

हे तोपर्यंत चष्मा कपाळावर चढवून तो तुकडा उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "ही उवांची फणी आहे. मला कंगवा हवाय."

दुकानदाराने मग दुसरा काढला. काळा, दात उंच आणि लांब लांब. दोन दातांमध्ये माझं बोट आरामात जात होतं. मला तो अजिबात पटला नाही. अर्धा माल, अर्धी मोकळी जागा. मी म्हटलं, "मोकळी जागा आमच्या घरात नाही, ती विकत कशाला घ्यायची?"

"मावशी, काम मोकळी जागाच करते," दुकानदार म्हणाला. "गरम हवा त्या जागेतूनच निघते."

"मग पांढरा तरी द्या. हा काळा तव्यासारखा दिसतोय. हळदीला काळं चालत नाही."

ह्यावर हे म्हणाले की काळ्याने उष्णता थोडी जास्त टाकली जाते. आणि तसंही काळं चालत नसेल तर आपल्या दोघांनाही हळदीला येता येणार नाही, रंग बघ जरा. दुकानदार हसला. मी नाही हसले. फक्त बूड जाड आहे ना ते नखाने वाजवून पाहिलं, कारण पातळ बुडाच्या टोपात दूध लागतं हे मला कुणी शिकवायला नको. बूड जाड होतं. तोच घेतला. फटींच्या बाबतीत ते दोघे बरोबर आणि मी चूक, हे पुढे कळलं. चुकले तर चुकले.

घरी आल्यावर ट्रान्झिस्टर बसवायचे. मध्ये अभ्रकाची चकती आणि तिला दोन्हीकडून पांढरी पेस्ट. ह्यांनी पेस्ट अशी चोपडली की पुरीवर श्रीखंड.

मी म्हटलं, "पानाला चुना इतका लावलात तर तोंड फाटेल."

"तू गप्प बस. पेस्ट उष्णता नेते."

"मग दुकानदाराने अ‍ॅल्युमिनियम कशाला विकलं? पेस्टचाच गोळा विकायचा होता."

त्यांनी बोटाने पेस्टची जाडी पाहिली. मग माझं बरंसं फडकं उचलून पेस्ट पुसून काढली आणि जेमतेम पातळ पापुद्रा ठेवला. फडकं गेलं. ते अजून पांढरंच आहे.

आता खरी अडचण. दुकानदाराने निघताना सांगितलं होतं, "दात उभे ठेवा." पण उभा ठेवला तर हीटसिंक डब्याच्या वर वीतभर डोकावायचा. ह्यांना सुबक काम हवं. बाहेर काही आलेलं चालत नाही. म्हणून ह्यांनी तो आडवा बसवला, दात जमिनीला समांतर, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दिसायला छान दिसलं, हे मी मान्य करते.

गुरुवारी दुपारी पहिल्यांदा लावला. आवाज आला! चाळीतली मांजरं पळाली. हे खाटेवर मांडी घालून राजासारखे बसले. पाच-सहा गाणी झाली तेव्हा मी सहज दातांना हात लावला आणि हात मागे घेतला तो कानाच्या पाळीपर्यंत नेला. ह्यांनी बसवलेल्या सुरक्षेच्या बटणाने पुढच्याच गाण्यात खट्ट केलं आणि सगळं बंद. ते बटण गिझरमध्ये असतं तसं, फार तापलं की वीज तोडतं, निवलं की आपोआप जोडतं. तेवढी अक्कल ह्यांनी आधीच वापरली होती म्हणून काही जळलं नाही.

भावोजी जिन्यातच होते. आवाज थांबल्याचं ऐकून दारात आले. "फुटलो?"

"थांबवलाय मी," हे म्हणाले. खोटं.

भावोजी गेल्यावर ह्यांनी देव्हाऱ्यातली अगरबत्ती उचलली. मला वाटलं आता नवस बोलतात. पण ते ती गरम हीटसिंकखाली धरून बसले. धूर आडव्या दातांखाली जाऊन अडकायचा, घुटमळायचा, मग कुठूनतरी कडेने बाहेर पडायचा. चाळीत नव्या आलेल्या पाहुण्यासारखा. मग त्यांनी सगळं उचलून उभं केलं, दात वरखाली. धूर खालून शिरला आणि दोन दातांच्या मधून सरळ वर, न थांबता.

"बघ," ते म्हणाले.

"दुकानदाराने हेच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. दाखवलं नव्हतं."

दोन दिवस पत्रा कापणं चाललं. हीटसिंक पाठीमागे उभा बसला आणि डब्याच्या वर शेंडीसारखा आला. खालून हवा शिरायला डबा उचलायला हवा होता. पाय काही मिळेनात, तर ह्यांनी खाली क्लबात जाऊन कॅरमच्या चार काळ्या सोंगट्या आणल्या आणि डब्याखाली चिकटवल्या. अजून त्या क्लबात सोंगट्यांऐवजी बटणं ठेवून खेळतात आणि चोराला शिव्या देतात. भावोजी सगळ्यात जास्त देतात. मी काही बोलत नाही.

रविवारी नात मोबाइलवर वेळ लावून बसली. दोन तास झाले, वर आणखी थोडं झालं. मी दातांना हात लावला. गरम, पण वाफेच्या भांड्याइतका नाही, ताज्या भाकरीइतका. हात ठेवता येत होता. नातीने आजोबांच्या हातावर टाळी दिली. भावोजी म्हणाले, "घरात वाजलो. भायेर वाजतलो तेव्हा खरो." पण डीजेवाल्याचा नंबर त्यांनी पुसला नाही.

हळदीच्या संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर खोलीबाहेर गॅलरीत, स्टुलावर ठेवला. पाठ कठड्याकडे, म्हणजे वारा मिळेल. ह्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि जो येईल त्याला दात उभे का ते सांगत होते. लोक मुलीला शोधत होते.

कॉटन ग्रीनहून उष्टी हळद आली. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद मुलीकडे आणतात ती. वाटी विहीणबाईंच्याच हातात आणि मागे पाच-सहा बायका. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "आधी उद्घाटन. मी शब्द दिलाय."

मी आत हळद कालवत होते, तरी दारातून सगळं दिसत होतं. विहीणबाईंनी पिशवी उघडली. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला हळदीकुंकू लावलं. डब्याच्या वर हिरवा खण पसरला, त्याच्यावर नारळ ठेवला. ओटी भरली हो त्याची! मग झेंडूचा एक जाडजूड हार काढला. तो डब्यावरून घसरत होता, तर बाईंनी काय करावं? फणीला दात आहेतच. एकेक फूल दातांच्या फटीत खोचून हार इकडून तिकडे पक्का बसवला. वेणी माळतात तसा. उवांची फणी घेतली असती तर एक पाकळीसुद्धा शिरली नसती, हे मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय.

आणि आमचे हे? हात जोडून उभे. ज्या माणसाने अगरबत्ती धरून हवेचा रस्ता शोधला, तो तो रस्ता बुजवताना बघत होता आणि मान डोलावत होता.

गाणी सुरू झाली. नात नाचली, करवल्या नाचल्या, विहीणबाई तर सगळ्यांपेक्षा जास्त. गॅलरी हलत होती. मी तेलहळद घेऊन बाहेर आले आणि मला वास आला. भाजी शिजल्याचा वास, पण कुठली ते कळेना. मेथी नाही, लाल माठ नाही. कोणाच्या घरात आज काय, असा विचार करते आहे तोच खट्ट.

गाणं मध्येच तुटलं. बायकांचे हात वरच राहिले.

भावोजींनी मोबाइल काढला. "आता लावतंय हां फोन. गाडी भायखळ्याकच उभी असतली त्याची."

ह्यांचा चेहरा उतरला. मी जवळ गेले. ते ओठ न हलवता म्हणाले, "वरून हवा बंद झालीय. हार काढायला हवा."

"मग काढा."

"विहीणबाईंनी घातलाय. त्यांच्या देखत कसा काढू? उद्या लग्न आहे. हार काढला म्हणजे मान काढला."

"आणि नाही काढला तर?"

त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. मला कळलं. आता आत जाऊन बसतील आणि लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत भिंतीकडे तोंड. नातही तिथेच बघत होती, हातावर हळद, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या, काळजीने. "काय झालं? हार नीट बसला नाही का? थांबा, मी दुसरा आणलाय." आणि खरोखर पिशवीत हात घातला.

म्हटलं, आता ह्यांच्या भरवशावर राहिले तर हा डबा फुलांत पुरला जाईल. मी नारळ आणि खण उचलला आणि नातीच्या ओच्यात टाकला. "विहीणबाई, ओटी सुनेची भरा. डबा तुमच्या घरी येणार नाही, ही येणार आहे." मग फटींतून हार उपसायला लागले. फुलं मऊ पडली होती, निम्मी शिजलेली. भाजीचा वास तो हाच. हार हातात आला खरा, पण ठेवायचा कुठे? खाली टाकला तर अपमान. कठड्यावर टाकला तर खालच्या मजल्यावर. समोर एकच मान मोकळी होती. मी तो ह्यांच्या गळ्यात घातला.

"आई गं!" हे ओरडले. हार चांगलाच गरम होता.

"ज्याने बनवला त्याचा मान," मी विहीणबाईंना म्हटलं. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे." अशी पद्धत कुठेही नाही.

सगळी गॅलरी हसायला लागली. भावोजी ओरडले, "वैनी, परत लगीन लावतास काय?"

"एकदा केलं ते अजून निस्तरतेय."

विहीणबाई हसून हसून कठड्याला टेकल्या. दुसरा हार त्यांच्या हातात तसाच होता. ह्यांनी, मान चोळत, तो त्यांच्याकडून मागून घेतला, सरळ भावोजींकडे गेले आणि त्यांच्या गळ्यात घातला. "घे. तुझाही मान झाला. आता फोन ठेव."

भावोजींनी फोन ठेवला. हार गळ्यात घालून डीजेवाल्याशी कसं बोलणार?

फणी निवायला थोडा वेळ लागणार होता. विहीणबाईंनी कागदाची पत्रावळ घेऊन वारा घालायला सुरुवात केली, आपण काय केलं ते कळलं होतं त्यांना. मी बायकांना म्हटलं, "तोंडं आहेत ना? गा." मग हळदीची जुनी गाणी झाली, ज्यांना येत होती त्यांनी म्हटली, ज्यांना येत नव्हती त्यांनी मोठ्याने म्हटली. नातीला उष्टी हळद त्यातच लागली. अर्ध्या ओळीवर पुन्हा खट्ट झालं आणि मगाचं गाणं जिथे तुटलं होतं त्याच्या पुढून वाजायला लागलं, आणि मग जेवणं वाढेपर्यंत थांबलं नाही.

आता हे सगळ्यांना सांगतात की अ‍ॅम्प्लिफायर बंद पडलाच नव्हता, त्याने विसावा घेतला. भावोजी सांगतात, माझ्या फोनच्या धाकाने सुरू झाला. विहीणबाई सांगतात, माझ्या हाताचं उद्घाटन लागलं. बंद पडला होता. फुलांनी पडला होता. फुलं काढल्यावर चालला.

तो आता माझ्या मांडणीवर आहे. त्याच्यावर वीतभर जागा मोकळी लागते म्हणून माझा एक पितळी हंडा खाटेखाली गेला. ह्यावर आमचं भांडण झालं, ते संपलेलं नाही. शेजारी मी मिठाची बरणी ठेवली आहे. पावसात मीठ ओलं होत नाही, एवढा फायदा मान्य आहे.

परवा विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या धाकट्या मुलीचं जमलंय. हळदीला आमचाच अ‍ॅम्प्लिफायर हवा, डीजे नको, असं सगळ्यांनी ठरवलंय. हे ते ऐकूनच खाटेवर उठून बसले आणि गळ्यावरून हात फिरवला.

"आणि उद्घाटनाला," विहीणबाईंनी विचारलं, "ह्या वेळी मी काय घेऊन उभी राहू?"

मी म्हटलं, "काही नको. हात हलवत या."